कढईतली काळी भाजी

कार्तिक वद्य २, शके १८६०

म्हणे रक्त कमी आहे. माझ्या हातचं जेवणाऱ्या बाईच्या अंगात रक्त नाही!

काल डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. पुण्याकडच्या आहेत, आणि ते समोरच्याला पहिल्याच वाक्यात कळावं अशी त्यांची खबरदारी असते. आमच्या श्रीधरच्या बायकोला, गोपिकेला, दाखवायचं होतं. तिची खालची पापणी बोटाने ओढून बघितली, नखं दाबली, आणि म्हणाल्या, "चौथा महिना आहे आणि हिच्या अंगात रक्त नाही. चैत्रापर्यंत भरून आलं नाही तर बाळंतपणात काय होईल ते मी सांगू शकत नाही."

इंदू रडायला लागली. ती माझी भावजय आणि गोपिकेची सासू. हिला रडायला निमित्त पुरतं. दत्तोपंतांनी बैठकीतून "काय झालं?" म्हणून विचारलं, पण उठले नाहीत. माझा धाकटा भाऊ वकील आहे, तो फक्त जज्जासमोर उठतो. तोंडावर मी त्याला दत्तू म्हणते. इथे दत्तोपंत लिहिते, कारण धरमपेठेत घर बांधल्यापासून त्याला तेच आवडतं.

मग बाईंनी विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?" इंदूने रडता रडता माझ्याकडे बोट केलं. चोर दाखवावा तसं.

"हिला काय घालता?"

"सगळ्यांना घालते तेच," मी म्हटलं.

त्या हसल्या. ते हसणं मी विसरणार नाही.

कार्तिक वद्य ४

दत्तोपंतांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकातून लोहावर व्याख्यान वाचून दाखवलं. पालेभाज्यांत लोह असतं, गुळात असतं, तिळात असतं. मी विचारलं, अंबाडीत असतं का? तर मासिकात अंबाडी नव्हती. "पण ताई, तत्त्व तेच," म्हणाला. जन्मात एक काडी निवडली नाही आणि तत्त्व सांगतो.

डॉक्टरीणबाईंचं एक बोलणं तेवढं मला पटलं. लोखंडात शिजवा, म्हणाल्या. माळ्यावरची जुनी लोखंडी कढई काढली. गंज होता तो विटेने घासला, राखेने घासला, तेलाचा हात दिला. इंदू दारात उभी राहून बघत होती.

"वन्सं, आंबट भाजी लोखंडात? काळी पडते ना!"

"पडू दे. पोर पांढरी पडली त्यापेक्षा भाजी काळी बरी."

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. काळी भाजी पाहुण्यांपुढे कशी वाढायची हीच चिंता तिला दिवसभर पुरली.

अर्थात मी स्वतः त्या कढईतलं खात नाही. तिच्यात कांदा-लसूण पडतो. माझा वरण-भात सकाळी सोवळ्यात वेगळा होतो, माझ्या पितळी पातेल्यात. सगळ्यांची जेवणं उरकली की मी जेवते, ते एकदाच. रात्री पाणी. विधवा झाले तेव्हा सासूने लावून दिलं आणि मी ते सोडलं नाही. का सोडू? घर भावाचं, किल्ल्या भावजयीच्या कमरेला. माझं या घरात काय आहे, तर हे सोवळं. ते कडक आहे म्हणून चूल माझी आहे, आणि दत्तोपंतही माझ्यापुढे आवाज चढवत नाहीत. एका जेवणावर ज्याचा मान टिकतो त्याने दुसरं मागू नये.

कार्तिक वद्य ११

एकादशी. पाण्याचाही थेंब नाही. कामं सगळी झाली. दुपारी डोळ्यांपुढे काजवे आले. चुलीचा धूर.

कार्तिक अमावास्या

अंबाडीची भाजी केली, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. कढईत अशी काळीभोर झाली की बघवेना. दत्तोपंतांनी नाक मुरडलं, एक घास घेतला आणि मग तीनदा मागून घेतली. श्रीधरने बोटं चाटली. हायस्कुलात मास्तर आहे आणि बोटं चाटतो. दोघं उठल्यावर मी देवघरात गेले, बाहेर आले तोवर सासू-सुनेची जेवणं झाली होती. कढई साफ रिकामी. म्हणजे पोरीने खाल्ली. बरं वाटलं.

पण मग काय बघितलं! मागच्या अंगणात जुन्या चुलीचा फुटका तुकडा पडला आहे, त्याची माती गोपिका नखाने कोरून तोंडात टाकत होती. मी हात धरला.

"काय वं, घरात खायला नाही का तुले?"

"राहावत नाही जी, आत्याबाई. वास येते ना तिचा, मग तोंडाले पाणीच सुटते."

कळमेश्वरजवळच्या खेड्यातली. बापाची शेतीवाडी मोठी, पण वळण हे असं. चांगली झापली तिला. तशी ती उलटून बोलत नाही, नुसते डोळे खाली घालते. त्याचाही राग येतो.

मार्गशीर्ष शुद्ध ३

अळिवाचे लाडू केले. अळीव भिजवून, गूळ, सुकं खोबरं, खारकेची पूड. डबा भरून गोपिकेच्या हाताशी ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, हे तिच्यासाठी आहेत. शिवाय रोज जवसाची चटणी, चवळीची भाजी, तिळाची पोळी. कढई चुलीवरून उतरत नाही.

चूल सारवताना ओल्या मातीचा वास आला. पोरीला यात काय एवढं सापडतं ते बघावं म्हणून एक खडा जिभेवर ठेवला. नुसता बघण्यापुरता.

मार्गशीर्ष शुद्ध ६

श्रीधर तिला टांग्यातून दवाखान्यात नेऊन आला. फरक नाही. बाईंनी विचारलं म्हणे, "घरी काही घालतात की नाही?"

घालतात की नाही! मनगटं दुखतात माझी त्या कढईने. अंबाडी काय, चवळी काय, लाडू काय! फरक दिसतो आहे तो दत्तोपंतांच्या कोटाच्या गुंडीत, ती आता लागत नाही. श्रीधरचे गाल कसे संत्र्यासारखे झालेत. सगळं घर तेज धरून राहिलंय आणि जिच्यासाठी रांधते ती भिंतीसारखी.

संध्याकाळी तिला विचारलं, जातं कुठे खाल्लेलं? गाईला घालतेस का? ती म्हणाली, "नाही जी." बस, एवढंच. डोळे भरले आणि भांडी घासायला निघून गेली. ढोंगी आहे असं मला वाटलं आणि मी ते ऐकू जाईल असं म्हटलंही.

मार्गशीर्ष शुद्ध ९

बाजूला बसले. मागच्या वेळेला पंधरवडाही झाला नसेल, पुन्हा आलं, आणि थांबायचं नाव नाही. या वयात होतं असं म्हणतात. अंगणाकडच्या खोलीत चार दिवस पडून राहायचं. चूल इंदूकडे. देव या घरावर दया करो.

मार्गशीर्ष शुद्ध १०

या खोलीच्या खिडकीतून स्वयंपाकघर अख्खं दिसतं. इतक्या वर्षांत मी इथून फक्त भिंतीकडे तोंड करून झोपले. आज झोप नव्हती म्हणून बघत बसले.

आधी नैवेद्य. मग दोन पाट, बाप आणि लेक. कढई त्यांच्या शेजारी. "आणखी वाढ." "थोडी आणखी." गोपिका वाढते आहे, वाकते आहे, वाढते आहे. मग इंदू बसली, सुनेने तिला वाढलं. इंदूचं वाईट नाही, ती मागत नाही, पण कोणी वाढलं तर नको म्हणायची तिला सवय नाही. मग सगळी उठल्यावर पोरीने कढई पुढे ओढली. भाकरीच्या तुकड्याने कडा पुसल्या. तळाला होतं ते खरवडून घेतलं. तेवढं तिचं जेवण. वर तिखट-मीठ.

आणि तो लाडूंचा डबा! शाळेत जाता जाता श्रीधर डोकावला. "एक दे ना वं." तिने दिला. त्याने दुसरा स्वतःच घेतला. तिच्यासाठी आहेत हे त्याला ठाऊक आहे. मी ओरडून सांगितलं होतं.

रोज कढई रिकामी दिसत होती आणि मी खूश होत होते. देवाने मला जीभ दिली तेवढी अक्कल द्यायची होती. तीन आठवडे मी सुनेसाठी रांधलं आणि दोन पुरुषांना बाळसं आणलं. नैवेद्य देवाला, रक्त दत्तोपंतांना, आणि माझ्या शिव्या त्या पोरीला.

बाजूला बसलेली असताना ओरडता येत नाही, कोणाला शिवता येत नाही. नाहीतर डबा श्रीधरच्या डोक्यात घातला असता.

मार्गशीर्ष शुद्ध १४

न्हाले. चूल हातात घेतली. नैवेद्य लवकर दाखवला आणि पहिला पाट मांडला तो गोपिकेचा. तिला बसवलं. ती बसेना. "असं कसं जी, आत्याबाई, घरची माणसं जेवाची हाये..." दंडाला धरून बसवलं.

मग जो तमाशा झाला तो झाला. इंदू म्हणाली, "वन्सं, नवऱ्याच्या आधी जेवायचं? पाप लागते ना तिले."

"पाप माझ्या नावावर लाव. माझ्याकडे जागा आहे."

दत्तोपंत आंघोळ करून आले तर पाटावर सून. आल्या पावली मागे वळले आणि बैठकीतून बोलले. समोर बोलायची छाती नाही.

"ताई, हे काय करून राहिली तू? उद्या लोकांना समजलं तर? बायका आधी जेवू लागल्या तर घरात राहिलं काय?"

"तूच सांग गा दत्तू, काय राहते? तुह्याच मासिकात वाच. लोह पोटात गेल्यावर काम करते म्हणते, का सासऱ्याच्या पोटातून सुनेले पोचते?"

आतून मासिक मिटल्याचा आवाज आला. कोर्टात तरी इतक्या लवकर खटला सोडत नसेल. श्रीधर काय म्हणतो ते बघत होते. बायको त्याची, मूल त्याचं. तो खुंटीवरची टोपी नीट करत उभा राहिला. "आई म्हणेल तसं," म्हणाला. आई काही म्हणत नव्हती, म्हणून मग त्यानेही काही म्हटलं नाही.

गोपिकेने खाल्लं. मान खाली घालून, घाईघाईने, पण अख्खी भाकर आणि कढईतली पहिली वाटी. मी समोर बसून होते. दम लागला होता मला, भांडणाने लागतो.

मार्गशीर्ष वद्य १

दत्तोपंत माझ्याशी बोलत नाहीत. घर शांत आहे, सुख आहे.

मार्गशीर्ष वद्य ८

आता रोज तीच पहिली. लाडूंचा डबा माझ्या सोवळ्याच्या फळीवर ठेवला, तिथे हात लावायची कोणाची टाप नाही. सोवळं असंही उपयोगी पडतं.

पोरीला हळूहळू तोंड फुटतं आहे. काल मलाच शिकवत होती. "आत्याबाई, हरभऱ्याच्या भाजीले आमच्या घरी अशी पातळ नाही करत. कोरडीच राहू देतात, अन् पीठ पेरतात." मी म्हटलं, तुमच्या घरी माती पण खातात. हसली. मला वाटलं रडेल, तर हसली. आज तिच्या पद्धतीने केली. सगळे म्हणतात छान झाली. मी कुठे चाखणार.

माती मात्र तिने सोडली. विचारलं तर म्हणाली, "आता वासच नाही येत." मला येतो. काल सारवताना जरा जास्तच घेतली.

पौष, संक्रांत

शेजारच्या चार बायका हळदीकुंकवाला आल्या. तिळगुळाचे लाडू माझे, पाक माझा, वाटाण्याएवढे सारखे वळले ते मी. पण मी स्वयंपाकघरात. पांढऱ्या कपाळाची सावली नको, लाडू चालतात. एकीने बाहेरून विचारलं, "इंदुताई, पाक कसा साधला हो?" आणि इंदू म्हणाली, "सवय हाये." सवय! हिला पाक आणि काढा यांतला फरक सांगावा लागतो.

गोपिकेने आत येऊन माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि पाया पडली. मी म्हटलं, माझ्या पाया पडून काय मिळणार आहे. ती म्हणाली, "भाजी."

वाह्यात कार्टी आहे.

पौष अमावास्या

नळावरून घागर आणताना दोनदा टेकवली. घागरी हल्ली जड करतात. पुन्हा बाजूला बसायची पाळी आली आणि सहा दिवस उठवेना, तो सगळा वेळ चूल गोपिकेने सांभाळली. वाढण्याचा क्रम तिने बदलला नाही. सासूसमोर आधी बसली! इंदू मला खिडकीशी येऊन सांगत होती, "पाहा तुमची शिकवण." मी पाहिली.

माघ शुद्ध १०

गोपिकेचं डोहाळजेवण. लिहायचं नव्हतं. पण हात राहात नाही.

पहाटेपासून रांधलं. बाहेर मखर, फुलं, बायका, ओटी. मी आत. डॉक्टरीणबाईंना इंदूने बोलावलं होतं, मोठेपणा मिरवायला. त्यांनी गोपिकेला माजघरात नेऊन तपासलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शाब्बास. चांगलं रक्त आहे. आता भीती नाही." दत्तोपंतांचा आवाज लगेच आला, "लोह, बाई, लोह. मीच सांगितलं होतं."

ऐकून मला काय वाटलं ते लिहिते, दुसरीकडे कुठे सांगणार. चुलीसमोर बसून मी रडले. आनंदाने. कोणी बघितलं नाही.

मग बाई सरळ स्वयंपाकघरात आल्या. वहाणांसकट! "या पोरीला कोणी वर आणलं ते मला बघायचंय," म्हणाल्या. मी उठले, तर समोरची भिंत फिरली. दाराची चौकट धरली. त्यांचं हसू गेलं. पुढे येऊन त्यांनी माझी पापणी खाली ओढली. माझी! सोवळ्यातल्या बाईला, न विचारता.

"बसा," म्हणाल्या. "आधी खाली बसा."

"मी काय गर्भार आहे?"

"धाप लागते? विटाळ फार जातो? किती दिवस?"

मी पदर कपाळावर ओढला. मग म्हणाल्या, "माती खाता का हो?"

"नाही," मी म्हटलं.

"दिवसातून किती वेळा जेवता?" ते मात्र सांगितलं, त्यात लपवायचं काय, तोच तर माझा मान. त्यांनी कढईकडे बघितलं, कोपऱ्यातल्या माझ्या पितळी पातेल्याकडे बघितलं. "यातलं काहीच तुमच्या पोटात जात नाही?"

"तिच्यात लसूण पडतो."

त्या चुलीजवळ उकिडव्या बसल्या आणि अगदी हळू बोलल्या, पुण्याचा ठसका नाही, काही नाही. "त्या मुलीच्या अंगात तेव्हा होतं त्याच्या निम्मंही तुमच्यात नाही. तुम्ही उभ्या कशा राहता मला कळत नाही. दोनदा जेवा. या कढईतलं जेवा. उपास बंद. रक्त जातं त्यावर दवाखान्यात या, औषध देते. नाहीतर चैत्रात तिला मूल होईल ते बघायला तुम्ही असाल असं मला वाटत नाही."

बाहेर बायका ओटीची गाणी म्हणत होत्या. बाई गेल्यावर मी पुन्हा आंघोळ केली, त्या शिवल्या म्हणून. थंड पाण्याने. दात वाजत होते.

दोनदा जेवा म्हणे. मग माझ्यात आणि इंदूत फरक काय?

माघ शुद्ध ११

एकादशी. धरली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या एकादशा बंद करायच्या? त्यांनी आधी वहाणा बाहेर काढायला शिकावं.

माघ शुद्ध १२

सकाळी अंगणात घागरीसकट बसले. पडले नाही, बसले. श्रीधरने उचलून आत आणलं. त्याने काही उचललेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

सगळ्यांनी ऐकलंय बाई काय म्हणाल्या ते. दत्तोपंत खाटेशी आले. घसा साफ केला. वाटलं, आता म्हणेल. ताई, जेव. दोनच शब्द. म्हणाला असता तर मी नाही म्हटलं असतं, चांगलं झापलं असतं, आणि मग कदाचित... पण तो म्हणाला, "व्रताची गोष्ट आहे ताई. मी कसं सांगू? तुझं तू पाहा. लोकांनी असं म्हणायला नको की भावाने मोडायला लावलं."

सुनेच्या लोहावर तीन महिने बोलला. बाररूममध्ये बोलला, पाहुण्यांपुढे बोलला. मला या घरात येऊन जन्म लोटला, त्याला मी कडेवर खेळवलं, आणि माझ्या वेळेला त्याचं तत्त्व संपलं. इंदू पदर डोळ्याला लावून उभी होती. "काय करावं वन्सं, तुमचं सोवळंच असं..." माझं सोवळं यांच्या फार उपयोगाचं आहे. रोजचा स्वयंपाक देवासारखा शुद्ध, आणि रांधणारीचं एक जेवण वाचतं.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

माघ शुद्ध १३

गोपिका चूल सांभाळते आहे. मला उठू देत नाही. सकाळी अंगणात धूर दिसला म्हणून बघितलं, तर गोवऱ्या रचून तिने कढई विस्तवात घातलेली. उपडी. लाल होईपर्यंत ठेवली. सातवा महिना आणि वाकून फुंकर घालत होती. मी खिडकीतून ओरडले, "काय करून राहिली वं?"

"शुद्ध करून राहिली."

दुपारी ताट घेऊन आली. माझं पितळी पातेलं नाही, ताट. हरभऱ्याची भाजी, वाळवलेली, तिच्या आईने धाडलेली. काळी, कोरडी, पीठ पेरलेली. भाकर. लाडू. समोर ठेवलं आणि शेजारी आपलंही ताट मांडून खाली बसली.

"लसूण नाही घातला जी. कांदा नाही. न्हाऊन ओलेत्याने केली. कढई विस्तवात लाल केली, तुम्हीच पाहिली. आता तिच्यात काय राहिलं, सांगा."

मी म्हटलं, माझा भात दे.

"भात नाही केला."

"मग राहू दे."

"राहू द्या. मंग मी पण राहतो."

मी म्हटलं, मूर्खासारखं करू नकोस, तुझ्या पोटात जीव आहे. ती म्हणाली, "हाव. तुम्हीच जगवला. आता तुम्हीच पाहा त्याचं काय कराचं." आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. ही ती पोर, जी दोन महिन्यांपूर्वी "नाही जी" पलीकडे बोलत नव्हती! भाजी थंड झाली. बाहेर इंदू हाका मारत होती. ती उठेना. तिच्या कपाळावर घाम, आणि गालावर रंग. माझाच रंग तो, महिनोन् महिने कढईत घोटलेला. तो मी आता उपाशी बसवून उतरवायचा?

हट्टी, उद्धट, वळण नसलेली कार्टी. चार घास खाल्ले. तिच्यासाठी. सोवळ्यातच होतं, विस्तवाने शुद्ध झालेलं, म्हणून व्रत मोडलं नाही. दुपारचंच जेवण ते.

काय भाजी होती! इतके दिवस मी हे रांधत होते आणि मला ठाऊक नव्हतं.

माघ शुद्ध १४

आज दिवेलागणीला जेवले. भाजीत मीठ कमी होतं. पोरीला सांगितलं, उद्या संध्याकाळी नीट घाल.